जुनी एमएक्स-५, दरवर्षीची एमओटी आणि आपल्या ड्रायव्हिंगची परीक्षा

शेफील्डकर

इथे इंग्लंडात गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी करावी लागते. म्हणजे मान्यताप्राप्त गॅरेजात नेऊन ब्रेक, टायर, दिवे, सस्पेन्शन, धूर, खालचा पत्रा सगळं तपासून घ्यायचं, पास झाली तरच पुढचं वर्षभर रस्त्यावर आणायची. माझी १९९२ ची माझदा एमएक्स-५ मागच्या आठवड्यात पास झाली आणि तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय, तो नीट मांडावा म्हणून हा धागा.

आधी गाडीबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांनी ही पाहिली नसेल. दोन सीटा, मागे छोटी डिकी, वर कापडी टप, आणि पुढचे दिवे बोनेटमध्ये लपलेले, बटण दाबलं की वर येतात. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझदाने ही पहिल्यांदा दाखवली. तोवर साध्या ब्रिटिश टू-सीटर जवळपास संपल्या होत्या, आणि ज्या उरल्या होत्या त्या तेल गळणे आणि इलेक्ट्रिकचे लोचे यासाठी प्रसिद्ध. जपान्यांनी तोच साचा घेतला, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं, आणि किल्ली फिरवली की सुरू होणारच असं बनवून दिलं. २०१६ साली दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुणाचा नाही.

माझी १.६ लिटरची आहे, ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन टनापेक्षा कमी, उंची सव्वा मीटरहून जरा कमीच. आजच्या साध्या हॅचबॅकसुद्धा हिला सिग्नलवरून मागे टाकतात आणि मला त्याचं काही वाटत नाही, कारण हिची मजा वेगात नाहीच. स्टेअरिंगमधून रस्ता हाताला कळतो, गिअरचा दांडा मनगटाच्या झटक्यात पडतो, ताशी चाळीस मैलांवर वळण घेतलं तरी चारही टायर काय करतायत ते बुडाखाली समजतं. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर ए५७ रस्त्यावरचा स्नेक पास हा घाट सुरू होतो, लेडीबावर धरणाकडून ग्लॉसपकडे जाणारा. रविवारी पहाटे टप उघडून तिथून जायचं, हीटर पायावर फुल सोडायचा, ओल्या गवताचा वास येतो. एवढ्यासाठी मी ही गाडी सांभाळतो.

आता मूळ मुद्दा. तिशी ओलांडलेली ही गाडी दरवर्षी परीक्षा देते. तपासणारा माणूस टॉर्च घेऊन खाली शिरतो, सिलवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीवर, बोटांनी दाबून बघतो, रोलरवर चाकं चढवून डाव्या-उजव्या ब्रेकमधला फरक मोजतो, दिव्याचा झोत बघतो. मग ती चालवणाऱ्याची परीक्षा किती वेळा? एकदा. मी भारतातलं लायसन्स घेऊन आलो तेव्हा त्यावर बारा महिने चालवता आलं, मग इथली परीक्षा दिली, थिअरीला ५० पैकी ४३ लागतात, व्हिडिओमध्ये धोका ओळखायची परीक्षा वेगळी, मग प्रत्यक्ष ड्रायव्हिंग, त्यात एक गंभीर चूक झाली की नापास. परीक्षा चांगली कडक आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण एकदा पास झालो की संपलं! दर दहा वर्षांनी फोटो बदलायचा. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी रिन्यू करायचं, पण तिथेही आपणच लिहून द्यायचं की मी गाडी चालवायला फिट आहे. सतराव्या वर्षी पास झालेला माणूस पुढची पन्नास वर्षं कुणीही शेजारी बसून न बघता चालवू शकतो, आणि तेवढ्या काळात नियम बदलतात, गाड्या बदलतात, रस्ते बदलतात, नजरही बदलते.

हे मला या गाडीतून जास्त दिसतं, कारण ही खाली आहे आणि उघडी आहे. एबीएस नाही, एअरबॅग नाही. एम१ मोटरवेवर मागून व्हॅन येते आणि एवढी चिकटते की आरशात तिची काच दिसत नाही, नुसती जाळी आणि कंपनीचा लोगो दिसतो. सत्तर मैलांच्या वेगाला थांबायला ९६ मीटर लागतात असं हायवे कोडमध्ये, म्हणजे इथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, छापलंय, दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पाऊस असेल तर दुप्पट, हे प्रत्येकाने परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. मग ते जातं कुठे? शहरात टप उघडा असला की शेजारच्या गाडीतल्याच्या मांडीवरचा फोनसुद्धा दिसतो. पकडला तर लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट आणि दोनशे पौंड दंड आहे, तरी.

मला वाटतं दर दहा वर्षांनी फोटोबरोबर अर्ध्या तासाची ड्राइव्ह असावी. नापास करून लायसन्स काढून घ्यायला नाही, एखादा जाणकार शेजारी बसून सांगेल की तुम्ही आरसा बघत नाही, अंतर कमी ठेवता, राउंडअबाउटमधून बाहेर पडताना इंडिकेटर देत नाही. गाडीच्या एमओटीत जशी ॲडव्हायजरी असते, आज पास पण याकडे लक्ष द्या, तशी. तुम्हाला काय वाटतं? भारतातल्यांनीही लिहा.

हडपसरी

गाडीचा फोटो टाका की राव. दिवे वर आलेले असताना काढा.

तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला पण आमच्याकडे आधी पहिली परीक्षा तरी नीट व्हावी अशी परिस्थिती आहे. आठ काढला, लायसन्स हातात. आणि तुम्ही म्हणता ना की खालून आणि उघड्यावरून जास्त दिसतं, ते टू-व्हीलरवाल्याला रोज दिसतं. मी सोलापूर रोडने रोज बाईकवर जातो, प्रत्येक गाडीवाला पुढे काय करणार ते त्याच्या पुढच्या चाकावरून ओळखायचं, इंडिकेटरची वाट बघत बसलो तर संपलंच. आमच्या ऑफिसात एक निरीक्षण आहे, जे बरीच वर्षं बाईक चालवून मग कारकडे आलेत ते कारमध्येही जास्त सावध असतात, आरसा बघतात, दार उघडताना मागे बघतात. थेट कारवर शिकलेल्यांना ती भीती माहीतच नसते.

एक प्रश्न, अशी गाडी इकडे आणता येईल का? बजेट जमवायची तयारी आहे.

शेफील्डकर

फोटो संध्याकाळी टाकतो.

आणायचं म्हणाल तर विसरा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वर ड्यूटी प्रचंड. आणि माझदाने ही भारतात कधी अधिकृत विकलीच नाही, म्हणजे पार्ट प्रत्येक वेळी बाहेरून मागवा. इथे उलट आहे, खप एवढा झाल्यामुळे भंगारातून, क्लबमधून, नवीन बनवलेले, सगळे पार्ट मिळतात आणि परवडतात. गाडी जुनी असणं हा त्रास नाही, पार्ट न मिळणं हा त्रास आहे.

बाईकवाल्यांबद्दल तुमचं निरीक्षण अगदी बरोबर वाटतं. मी स्वतः कॉलेजला असताना साताऱ्यात लूना आणि मग स्प्लेंडर चालवली, या गाडीत बसलो की तीच सवय परत जागी होते, ट्रकचालकाला आपण दिसतोय का हा प्रश्न आधी.

नट-बोल्ट

कोव्हेंट्रीहून. माझ्याकडे दोन होत्या, आता एक आहे, २००१ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीची, फिक्स दिव्यांची. शेफील्डकर, सिल पास झाली याबद्दल अभिनंदन, या गाड्यांचं इंजिन मरत नाही, पत्रा मरतो. ज्यांना घ्यायची असेल त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

टपावर पडलेलं पाणी मागच्या कडेच्या पन्हाळीत जातं, तिथून सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक भोक आहे, त्यातून नळीने खाली मागच्या चाकाच्या पुढ्यात बाहेर पडतं. ते भोक पानांनी, धुळीने बुजलं की पाणी आत तुंबतं, मग कार्पेट ओलं आणि सिल आतून कुजायला सुरुवात. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पापड झालेला असतो. म्हणून दर शरद ऋतूत एक छोटी बाटलीभर पाणी हळूच त्या भोकात ओतायचं आणि खाली वाकून बघायचं, दोन्ही बाजूंनी सारखं पडतंय का. नाही पडलं तर पडद्याची प्लॅस्टिक चढवलेली वायर घालून अलगद साफ करायचं, जोर लावला तर खालची नळी निसटते. पाच मिनिटांचं काम आहे आणि हे न केल्यामुळे हजारो गाड्या भंगारात गेल्यात असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या पिढीला सिलबरोबर चासीचे पुढचे लांब दांडे गंजतात, तिथे वेल्डिंगचा खर्च मोठा. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मार्चमध्ये खालून धुवून घ्यायचंच. १.६ ला टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदला, तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत ही जमेची बाजू, पण गाडी जिथे असेल तिथे बंद पडते. गार इंजिनला वरून टिकटिक येत असेल तर ते बहुतेक वेळा हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उघडणारे भाग), वेळेवर तेल बदललं की कमी होतं, घाबरू नये.

आता ड्रायव्हिंगबद्दल. एम१ ला शेफील्डच्या बाजूला हार्ड शोल्डर (बंद पडलेल्या गाड्यांसाठीची कडेची पट्टी) काढून चारही लेन चालत्या केल्यात, तिथे जुनी गाडी नेताना मी बेल्ट, होज, बॅटरी यांचं जास्त बघतो. बंद पडली तर थांबायच्या जागा दूर दूर. लेनवर लाल फुली आली की ती लेन बंद, पुढे कोणीतरी अडकलेलं असतं किंवा माणसं काम करत असतात. तरी फुलीखालून सुसाट जाणारे मी बघतो, आणि तेव्हा मला खरंच संताप येतो. सरकारने नवीन असे मोटरवे २०२३ मध्ये रद्द केले, पण आहेत ते आहेतच.

वाटसरू

लेख आवडला, पण दहा वर्षांच्या परीक्षेशी असहमत.

मी लंडनात, आमच्याकडे पहिल्या परीक्षेची तारीख मिळायलाच मुलांना महिनोन्महिने लागतात. त्यात सगळ्या देशाला परत रांगेत उभं केलं तर परीक्षक आणणार कुठून? आणि खेड्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची गाडी गेली की त्याचं दुकान गेलं, दवाखाना गेला. माझे सासरे लिंकनशायरात तसे राहतात, बस दिवसातून मोजकी. तुम्ही म्हणता नापास करणार नाही, पण एकदा सिस्टीम आली की इन्शुरन्सवाले त्याचा निकाल मागणारच, ॲडव्हायजरी लागली की प्रीमियम वाढला.

माझ्या मते पकडणं वाढवावं. चिकटून चालवणं आणि मधली लेन अडवून बसणं याला २०१३ पासून जागेवर शंभर पौंड आणि तीन पॉइंट देता येतात. पण त्यासाठी रस्त्यावर पोलीस हवा, कॅमेऱ्याला वेग दिसतो, बेपर्वाई तो दरवेळी टिपत नाही.

आणि जुन्या गाडीवर प्रेम आहे तर लंडनात आणताना नंबर टाकून आधी तपासा. युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंना (विभागांना) लागू आहे, साधारण २००६ आधीच्या पेट्रोल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड.

शेफील्डकर

इन्शुरन्सचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, तो रास्त आहे, निकाल फक्त चालकाकडेच राहील असा कायदा करावा लागेल. परीक्षकांचंही मान्य. पण सासऱ्यांच्या बाबतीत मला उलट वाटतं. त्यांच्या शेजारी बसून कोणी सांगितलं की उजवीकडे वळताना तुम्ही मान पुरेशी फिरवत नाही, तर ते अजून पाच वर्षं सुखाने चालवतील. सध्या काय होतं, घरचे लोक लाजेखातर बोलत नाहीत, आणि एक दिवस काहीतरी घडतं आणि मग एकदम किल्लीच काढून घेतात. इथे ॲडव्हान्स्ड ड्रायव्हिंगच्या संस्था आहेत, त्यांचे स्वयंसेवक शेजारी बसून बघतात. मी गेलो होतो. त्यांनी मला सांगितलं की तुमची नजर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर असते, ती तिच्याही पुढे टाका, वळणाच्या आत जिथे रस्त्याच्या दोन कडा मिळताना दिसतात तो बिंदू बघा, तो जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा, तो लांब सरकायला लागला की रस्ता मोकळा होतोय. स्नेक पासवर हे वापरायला लागल्यापासून माझं ड्रायव्हिंग खरंच बदललं, वेग तेवढाच, ब्रेक कमी.

लंडनला मी ही गाडी नेत नाही, ट्रेनने येतो.

डबलडेकर

मी लेस्टरमध्ये बस चालवतो, म्हणून लिहावंसं वाटलं. मूळचा जळगावचा.

वाटसरू म्हणतात शक्य नाही, पण आम्हाला ते चालूच आहे. बस आणि लॉरीवाल्यांना दर पाच वर्षांत पस्तीस तास ट्रेनिंग सक्तीचं आहे, न केल्यास कार्ड जातं. पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी डॉक्टरकडून तपासणी. सुरुवातीला आम्हीही कुरकुर केली, सुट्टीचा दिवस जातो म्हणून, पण २०२२ च्या जानेवारीत हायवे कोड बदलला तेव्हा आम्हाला त्या क्लासमध्ये बसवून समजावलं, की वळताना समोर रस्ता ओलांडायला कोणी थांबलं असेल तर थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं, सायकलवाल्याला मागे टाकताना दीड मीटर. कारवाल्यांना हे कोणी सांगितलं? आजही मी वळणावर पायी माणसासाठी थांबलो की मागचा हॉर्न मारतो. त्याला तो नियमच माहीत नाही. बातम्यांत आला असेल, त्याने ऐकला नसेल.

बसच्या सीटवरून तुमची ती छोटी गाडी डाव्या बाजूला पार दिसत नाही हो, हे सांगून ठेवतो. आमच्या पुढच्या दारापाशी रेंगाळू नका, एकतर पुढे व्हा नाहीतर मागे राहा. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसला म्हणजे तुम्ही त्याला दिसताय.

नवशिकी

डबलडेकर काका, ही माहिती सोन्यासारखी. मी सध्या शिकतेय, परीक्षा पुढच्या महिन्यात. आई-बाबा ठाण्याहून येऊन जाऊन असतात, बाबा शेजारी बसले की म्हणतात अगं किती अंतर ठेवतेस, मध्ये कोणीतरी घुसेल. आणि खरंच घुसतात! मग मी परत अंतर वाढवते, मग परत कोणीतरी घुसतं.

दुसरं, समोरच्याने लाईट मारले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? बाबांच्या मते मी येतोय, थांब. माझ्या मैत्रिणी म्हणतात तू जा. इन्स्ट्रक्टर म्हणतो काहीच अर्थ घेऊ नकोस.

डबलडेकर

बेटा, घुसू दे. दहा जण घुसले तरी तू घरी पोचायला मिनिटभर उशीर होईल, जास्त नाही.

लाईटचं तुझा इन्स्ट्रक्टर सांगतो तेच धर. पुस्तकाप्रमाणे डिपर म्हणजे फक्त मी इथे आहे एवढंच. बाबांचं भारतात बरोबर आहे, तिकडे घाटात डिपर मारला म्हणजे समोरचा येणारच. इथे लोक तू जा म्हणून मारतात, पण त्या माणसाने तुझ्यामागची सायकल बघितलेली नसते. स्वतः बघ, मगच जा. आणि पास झाल्यावर पहिली दोन वर्षं सांभाळ, सहा पॉइंट झाले की लायसन्स जातं आणि परत पहिल्यापासून सगळं. एकदा फोन हातात दिसला तरी सहा होतात.

फोंडेकर

गोव्यातून. टू-सीटर म्हटलं की आम्हाला सॅन स्टॉर्म आठवते, फायबरची बॉडी, आत रेनॉचं १.२ चं इंजिन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आली होती. आमच्या वाड्यावर एकाकडे लाल होती, पावसात तिचा टप लावेपर्यंत माणूस भिजायचा, पण तो ती निगुतीने वापरायचा. अशी गाडी भारतात बनत होती हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही.

ड्रायव्हिंगचं काय सांगू. आमचे गावातले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वळणावर हॉर्न द्यायचा ही इथली जुनी रीत. सुट्ट्यांत भाड्याच्या जीप घेऊन येणाऱ्यांना ती माहीतच नसते, वळणावर मध्यभागातून येतात. स्थानिक मागे घेतो, दरवेळी स्थानिकच.

हडपसरी

फोंडेकर, एक्सप्रेसवेवर पण तेच, फक्त वेगात. उजव्या लेनमध्ये ट्रक, म्हणून कार डावीकडून, आणि बोरघाटात उतारावर सगळे न्यूट्रल टाकून. कॅमेरे बसल्यापासून वेग जरा आटोक्यात आलाय हे मान्य करायला हवं, पण लेनची शिस्त अजून लांब आहे. शेफील्डकरांची अर्ध्या तासाची ड्राइव्ह इकडे आली तर मी पहिला नाव नोंदवेन, खरंच. मला शिकवणाऱ्याने क्लच-ब्रेकपलीकडे काही शिकवलं नाही, बाकी सगळं रस्त्यावर घाबरत शिकलो.

नवशिकी

पास झाले तर पहिली गाडी म्हणून एमएक्स-५ घेऊ का? इन्शुरन्स बघून पोटात गोळा आला पण इच्छा आहे.

नट-बोल्ट

पहिलं वर्ष साधी छोटी हॅचबॅक घे. एबीएस आणि एअरबॅग असलेली. मग घे.

घेताना नंबर प्लेटवरून सरकारी साईटवर एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो तो वाच. सिलला कॉरोजन (गंज) असा शेरा सलग दोन-तीन वर्षं आणि मग अचानक गायब असेल तर विचार, वेल्डिंग झालं की नुसता काळा रंग मारला. फोटो मागव. मागची प्लॅस्टिकची खिडकी असलेला टप असेल तर खाली घेण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट ठेवायची, थंडीत तर उघडायचाच नाही, कडक झालेलं प्लॅस्टिक तडकतं. आणि टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाड्या कमी चालतात, नक्षी उरते आणि रबर म्हातारं होतं.

शेफील्डकर

नट-बोल्ट यांच्या सगळ्याला दुजोरा, फक्त टायरबद्दल एक भर. माझ्या गाडीला १८५/६० आर १४ लागतात आणि हवा २६ पीएसआय, ते हल्लीच्या गाड्यांच्या मानाने कमी आहे, त्यामुळे गॅरेजवाले सवयीने ३२-३४ भरून देतात. मग ओल्या रस्त्यावर मागची बाजू हलकी वाटते आणि लोक गाडीला दोष देतात. नवशिकी, हवा मोजायचा स्वतःचा गेज ठेव, टायर गार असताना बघ. पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) घाल, पंपावर सुपर लिहिलेलं असतं ते, साध्यातलं ई१० या वयाच्या गाडीला नको. तुला गाडी आवडली की नंबर मला मेसेज कर, शेफील्ड-लीड्स भागात असेल तर मी येईन बघायला, टॉर्च आणि पाण्याची बाटली घेऊन. आणि परीक्षेचं काय झालं ते इथेच लिही.